तुझ्यामागून चालताना, मैना

मैना, तुझ्या शोकसभेला खुर्च्या कमी पडल्या. शाळेतल्या सतरंज्या आणून ग्रामपंचायतीच्या पटांगणात अंथरल्या, त्याही पुरल्या नाहीत. माणसं कुंपणाला टेकून उभी राहिली. शेजारच्या गावांतल्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीनं बसून आल्या होत्या. वनखात्याचे रेंजर साहेब आले आणि टोपी काढून, ती हातात धरून उभे राहिले. मी पहिल्या रांगेत, तुझ्या फोटोच्या अगदी समोर बसले होते. आणि माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? माझ्या वेळी एवढी माणसं येतील का, हे.

सरपंचांनी माझं नाव पुकारलं. "रामटेके बाई, तुमी दोन शब्द बोला. तुमच्याएवढं मैनाबाईले कोन ओळखते?"

मी उठले. गावात पोषण आहारापासून मतदानापर्यंत कशावरही बोलायचं असलं की मला उभं करतात. अंगणवाडीत जन्म गेला, बोलायची सवय आहे. पण त्या दिवशी "मैनाबाई फार धीराच्या होत्या, गावावर त्यांचे उपकार आहेत," एवढं कसंबसं म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं, दुःखानं पुढे बोलवेना. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. बोलवत नव्हतं, ते खरंच. पण त्यात किती दुःख होतं आणि किती दुसरंच काही, ते तिला काय सांगणार?

तुला सांगते. तू असताना मी तुझ्याशी फार गोड बोलले नाही, आता तरी कशाला बोलू? मला तुझा हेवा वाटायचा. तुला माती देऊन आलो, घरी येऊन अंघोळ केली, तरी तो गेला नाही.

आपण दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात लग्न होऊन आलो. तू धानोऱ्याकडच्या जंगलातून मडाव्यांच्या घरात, गावाच्या वरच्या टोकाला, जिथं घरामागचं परस संपतं आणि जंगल सुरू होतं. मी मूलकडच्या धानपट्ट्यातून रामटेक्यांच्या घरात, खालच्या टोकाला, बुद्धविहाराच्या शेजारी. बोरिंगवर गाठ पडली की तू मला जोहार घालायचीस, मी तुला जय भीम म्हणायचे, आणि मग आधी कोणाची बादली लागली होती यावरून आपण भांडायला मोकळ्या.

तेव्हा वणवा विझवणं हे गड्यांचं काम होतं. पगारी माणूस गावाला कधीच नव्हता. वनखात्याचा गार्ड एक, आणि त्याच्या वाट्याला जंगल केवढं. म्हणून आग दिसली की मडाव्यांच्या अंगणातून आवाज जायचा. तुझे सासरे बुधाबाबा तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडायचे, "कीस! कीस!" गोंडीत कीस म्हणजे आग. हा शब्द मी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकले. आवाज आला की घरटी एक गडी ओली फांदी तोडून निघायचा. जाताना बुधाबाबा सगळ्यांच्या पुढे, येताना सगळ्यांच्या मागे. शेवटचा माणूस जंगलाबाहेर आल्याशिवाय ते पाण्याला तोंड लावत नसत. त्यांचे वडीलही तसंच करायचे म्हणे.

मी नवीन होते, शिकलेली होते, आणि मला सगळ्याचं कारण विचारायची खोड. मी त्यांना विचारलं होतं, आवाज तुमच्याच घरातून का जातो?

"गाव आमच्या आज्यानं वसवलं, बाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "आनं घर वरत हाय ना आमचं. आग पहिले आमालेच दिसते."

तू दाराआडून हसलीस. तुझं ते हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पुढे गावातले गडी मिरची तोडायला तेलंगणात जाऊ लागले. पानगळ सुरू झाली की जायचे, मोहफूल संपत आलं की यायचे. म्हणजे ऐन वणव्याच्या दिवसांत गावात म्हातारे, बायका आणि लेकरं. दोन-तीन वर्षं नशिबानं मोठी आग लागली नाही. मग लागली.

त्या दुपारी मी अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढत होते. बुधाबाबांचा आवाज आला आणि मी पळी हातात घेऊनच बाहेर धावले. बांबूच्या टेकडीवरून धूर उठत होता, पिवळसर, जाड. बोरिंगजवळ बायका जमल्या होत्या आणि एकमेकींच्या तोंडाकडे पाहत होत्या. बाबांचे गुडघे तोपर्यंत गेले होते. बाजेवरून उठायला जायचे आणि परत बसायचे.

तेव्हा मी म्हणाले. मैना, हे सगळं गाव विसरलं, तूही कधी आठवण काढली नाहीस, पण म्हणाले मी. "गडी नाईत तं का झालं? चाला, आपुन जाऊ."

कोणी हललं नाही. एक म्हणाली, "बायका कुठी आग इझवतात का वो?" मी समजावलं. वारा गावाकडे आहे, आग खाली उतरली की भाताच्या तणसाचे ढीग पेटतील, मग गोठे, मग घरं. बायकांनी सगळं ऐकून घेतलं, माना डोलावल्या, आणि तिथंच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात तू वरून उतरलीस. पदर कमरेला खोचलेला, हातात पळसाची पानांसकट फांदी.

"काय वो, जेवनं झाली ना तुमची?" तू म्हणालीस आणि हसलीस. "मंग चाला ना."

आणि तू चालायला लागलीस. मागे कोणी येतंय की नाही, हेसुद्धा पाहिलं नाहीस. सगळ्या तुझ्यामागे निघाल्या. जिनं मघाशी मला विचारलं होतं की बायका आग विझवतात का, ती सगळ्यांत पुढे. मीही पळी ओट्यावर ठेवली, लेकरं मदतनीस बाईच्या हवाली केली आणि एक फांदी ओरबाडून घेतली. वाक्य माझं होतं, मैना. पावलं तुझ्यामागे गेली. तेव्हापासून जे माझ्या मनात बसलं ते बसलंच.

त्या दिवशी आपल्याला काहीच येत नव्हतं. फांदी उंच उचलून आपटली की ठिणग्या उडतात, ती जमिनीशी ठेवून दाबत-घासत मारायची, हे चार जणींच्या लुगड्यांना भोकं पडली तेव्हा कळलं. बांबूची पेरं फटाक्यांसारखी फुटत होती आणि दर वेळी आपण सगळ्या दचकून खाली बसत होतो. धुरानं डोळे उघडेनात. पण तू त्या टोकाकडून मोठ्यानं एकेकीचं नाव घेत होतीस, आणि जिचं नाव घेतलंस ती "हाव!" म्हणून ओरडून होकार देत होती. माझं नाव घेतलंस तेव्हा मीही ओरडले. राग आला होता तरी ओरडले. उन्हं उतरली तेव्हा टेकडी काळी पडली होती, पण आग नाल्याच्या अलीकडे आली नव्हती.

परत येताना तू सगळ्यांच्या मागे होतीस. मी वळून पाहिलं तर एकटी, सावकाश चालत येत होतीस. ती सासऱ्यांची रीत तू समजून-उमजून पाळलीस का? मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं असतं तर म्हणाली असतीस, "चप्पल तुटली होती वो माही." आणि ते खरंही असेल.

गडी परत आले तेव्हा पुष्कळ बोलले. बायकांनी जंगलात जाणं बरं नाही, वाघ आहे, बिबट आहे, गावाची इज्जत आहे. बुधाबाबांनी बाजेवर बसून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आवाज माह्या घरून जाते. मिरचीच्या दिवसात माह्या घरी हे सून राह्यते. मंग तुमी सांगा, कोन देईन आवाज?" तेव्हापासून आवाज तू द्यायला लागलीस.

आता माझं ऐक. आवाज तू दिलास, बाकी सगळं कोणी केलं? वनखात्याकडे अर्ज मी लिहिले. बायकांना बूट पाहिजेत, पाण्याच्या कॅन पाहिजेत, हे सांगायला बस पकडून ऑफिसात मी गेले, आणि "साहेब दौऱ्यावर आहेत" ऐकून कितीदा परत आले. पानं उडवायचं ते ब्लोअर मशीन गावाला मिळालं, ते माझ्या चिकाटीनं. जंगलात उन्हाळ्याआधी पानं झाडून मोकळी पट्टी करतात, ती जाळरेषा आपल्या बाजूनं कुठून कुठवर काढायची, हे गार्डसोबत चालून मी ठरवलं. आणि मशीन द्यायला साहेब आले तेव्हा फोटो कोणाचा निघाला? मशीन पाठीला बांधून, दात काढून हसत तू उभी. मी बाजूला, माझं अर्धं तोंड तुझ्या खांद्यामागे. तो फोटो अजून वनखात्याच्या ऑफिसात भिंतीवर आहे. मागे गेले होते तेव्हा पाहिला. नव्या बाबूनं मला विचारलं, "या मैनाबाई, ना? आणि ह्या शेजारी कोण?"

मी त्याला सांगितलं, "गावातली बाई आहे एक."

तुझ्यात असं काय होतं, याचा मी पुष्कळ विचार केला. तू मीटिंगला नेहमी उशिरा यायचीस. कोणाला काय काम दिलं ते दुसऱ्या दिवशी विसरायचीस. साहेब लोकांसमोर भलतंच बोलून जायचीस, ते मी सावरून घ्यायचे. निर्णयही तुझे सगळेच बरोबर नव्हते. मोहाचंच घे.

मोहफूल पडायला लागलं की लोक झाडाखालची पानं जाळतात, म्हणजे काळ्या जमिनीवर पिवळी फुलं नीट दिसतात, वेचायला सोपं जातं. जंगलातली निम्मी आग तिथूनच पसरते. मी म्हणत होते, झाडाखाली जाळी बांधू, जुनी मच्छरदाणीसुद्धा चालते, फूल वरच्या वर जाळीत पडतं. तुला ते पटत नव्हतं.

"कितीक झाडाले बांधतं तू जाळ्या? आनं मोहाले कपडा गुंडाळते का कोनी? देव हाय तो आमचा."

"मंग देवाच्या पायाशी आग लावलेली चालते?"

तू हसलीस. "बोलन्यात तुले कोन हरवन, शीले." आणि स्वतःला हवं तेच केलंस. ज्याला पानं जाळायची त्यानं आदल्या दिवशी सांगायचं, पहाटे दव असताना जाळायचं, आणि मी स्वतः फांदी घेऊन उभी राहीन, असं गावाला सांगितलंस. काही वर्षं ते निभलं. तू खरंच उभी राहायचीस, एकेका म्हातारीच्या एकेका झाडाखाली, सकाळचा चहासुद्धा न घेता.

आणि मग एका सकाळी वारा फिरला. तू दुसऱ्या झाडाकडे गेली होतीस. पाहता पाहता आग तेंदूच्या टेकडीवर चढली आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत आपल्या हाती आली नाही. त्या वर्षी तिथला तेंदूपत्ता गेला. कितीतरी घरांचा उन्हाळ्याचा आधार होता तो.

सभा बसली. मी घरून सगळं ठरवून आले होते. काय बोलायचं, कसं बोलायचं, कुठं थांबायचं. मी बरोबर होते, मैना. पहिल्यापासून बरोबर होते, आणि आता ते सगळ्यांना दिसणार होतं. पण मी उठायच्या आधी तू उठलीस.

"शीला खरं मनत होती," तू म्हणालीस. "मीच नाई आयकलं. माह्या हातानं तुमचा पत्ता जळला. आता मले का शिक्षा द्याची ते द्या."

हात जोडून उभी राहिलीस आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. झालं. बायका रडल्या, गडी खाली पाहू लागले. जिचा सगळा पत्ता गेला होता ती म्हातारी उठून आली आणि तिनं तुझं तोंड आपल्या दोन्ही हातांत धरलं. "माह्याच झाडाखाली जाळाले उभी होती ना तू, पोरी," म्हणाली. कोणी तुला पाणी आणून दिलं. माझ्याकडे एकानंही पाहिलं नाही. चूक तू केलीस आणि गाव तुझ्यावरच आणखी जीव टाकू लागलं. मी घरी जाऊन आदळआपट केली. मालकांना वाटलं, तेंदूपत्ता गेला म्हणून रागावली.

त्यानंतर निम्म्या गावानं जाळ्या बांधल्या. उरलेल्या निम्म्यांसाठी, म्हणजे तुझ्या त्या म्हाताऱ्यांसाठी, तू दर वर्षी माझ्याशी भांडलीस. ते भांडण काही मिटलं नाही.

आणि माझी लेक मित्रा. तिच्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तुला वाईट वाटलं असतं, आणि तुला वाईट वाटलेलं मला चालत नसे. बघ, हेही होतं.

मित्रा बारावीत असल्यापासून तुझ्यामागे आगीवर यायला लागली. मी नको म्हणायचे. ती तुझ्या अंगणात जाऊन उभी राहायची. वनरक्षकाच्या भरतीसाठी धावायचा सराव करायचा तर तू तिच्यासोबत पहाटे रस्त्यावर. ती पळायची, तू सायकलवरून मागे. तुझं वय काय, तुझी सायकल काय! ती पास झाली, आलापल्लीकडे नेमणूक मिळाली. खाकी कपडे घालून पहिल्यांदा घरी आली त्या दिवशी मी तिच्या आवडीच्या, कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या तळत होते. तिनं पिशवी दारात ठेवली. "आई, येतेच मी. पहिले मैनामावशीले दाखवून येते," म्हणाली आणि वर गेली.

वड्या थंड झाल्या. मग तू तिचा हात धरून आलीस. "घे वो," म्हणालीस, "तुई पोरगी आनून देल्ली." उसनं नेलेलं भांडं परत करावं तशी. मी हसले, तुला ताट वाढलं. तू चार वड्या जास्तीच्या खाल्ल्यास आणि तिखट कमी पडलं म्हणालीस.

मी तिच्या मनातली आगीची भीती कधीच घालवू शकले नसते, हे मला कळतं. मी तिचा हात धरून घरात बसवलं असतं. आज ती तिकडच्या जंगलात एकटी फिरते, तिच्या हाताखाली माणसं आहेत, ती तिचं ऐकतात. हे तुझं देणं आहे. ते मी रोज मान्य करते आणि रोज मला ते टोचतं.

तुझं दुखणं दिवाळीनंतर सुरू झालं. पोटात दुखतं म्हणत होतीस, मग जेवण सुटलं, मग तुला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. तुझी सून वनिता तुझ्याजवळ राहिली. मी बसनं यायचे. एकदा तू झिंगे मागितलेस. डॉक्टर नको म्हणतील हे ठाऊक असून मी तळ्यावरून आणवले, वांग्यात शिजवले आणि डब्यात लपवून आणले. तू दोन घास खाल्लेस आणि डबा बाजूला सारलास. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग तू वनिताकडे पाहिलंस. ती खिडकीशी तुझं लुगडं वाळत घालत होती.

"यंदा आवाज वनिता देईन," तू म्हणालीस.

मी तुझ्या पायांवरची चादर सारखी केली. "बरं," म्हणाले.

वनिता! चांगली पोरगी आहे, कष्टाळू आहे. पण दोनच उन्हाळे झाले तिला या गावात येऊन. आगीवर आली असेल चार-पाच वेळा. आणि मी? एवढी वर्षं तुझ्या डाव्या हाताला मी होते. तुझी विसरलेली कामं मी आठवली, तुझं बोलणं मी सावरलं. 'मी काऊन नाई?' हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, मैना. पण तू अशी दिसत होतीस, सुकून काळी पडलेली, की तुझ्याशी भांडावंसं वाटेना. म्हणून मी दुसरंच भांडण काढलं. म्हणाले, यंदा म्हाताऱ्यांच्या झाडांनाही जाळ्या बांधते.

तुझ्या तोंडावर जरा तरतरी आली. "तुई जाळी फाटते वो. मी पाह्यलं ना."

"फाटली तं शिवता येते."

"मंग शिव," तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस.

माझ्याशी तुझं शेवटचं बोलणं ते. पुढच्या आठवड्यात तू गेलीस. मला वाटलं होतं, पुन्हा येईन तेव्हा विचारेन.

तुला माती दिली त्यानंतर महिनाही झाला नाही तोच आग लागली. बांबूच्याच टेकडीला, दुपारीच. मी अंगणवाडीच्या दारातून धूर पाहिला आणि आवाजाची वाट पाहू लागले. आवाज येईना. मी वर धावत गेले. वनिता अंगणात उभी होती, तोंडाशी हात धरून, आणि तिच्या घशातून काही निघत नव्हतं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"मले नाई जमत, बाई. त्याइचाच आवाज आयकू येते मले. तुमीच द्या."

किती वर्षं मी त्या अंगणात उभं राहायची वाट पाहत होते! मी तोंडाशी हात धरले आणि ओरडले, "कीस!" माझा आवाज अंगणवाडीत गाणी म्हणायचा आवाज आहे. तो फाटला. शेजारचं कुत्रं भुंकलं, बाकी कोणी बाहेर आलं नाही. मी पुन्हा ओरडले. मग बाजूनं वनिता ओरडली, रडत रडत, पण खणखणीत. मग दोघी मिळून ओरडलो. खाली दारं उघडायला लागली.

जाताना पुढे मी होते. सगळ्या माझ्यामागे आल्या. मी बायकांच्या दोन तुकड्या केल्या. एक ब्लोअर घेऊन जाळरेषेवर, दुसरी वाऱ्याची पाठ धरून आगीच्या कडेला. वनिताला मी माझ्याजवळ ठेवलं. तू असतीस तर आपण सगळ्या एकाच बाजूनं तुटून पडलो असतो, आणि तू नावं घेत सुटली असतीस. माझं तसं नव्हतं. प्रत्येकीला तिची जागा ठाऊक होती. कोणाचा पदर जळला नाही, कोणी धुरात अडकलं नाही. उन्हं कलायच्या आत आग बसली. खरंच सांगते, एवढ्या लवकर आपण कधीच विझवली नव्हती.

येताना मी सगळ्यांच्या मागे राहिले. नाल्यावर बायका हातपाय धूत बसल्या होत्या. मी पोचले तेव्हा एक म्हणत होती, "आज मैनाबाई असती तं?"

"असती तं गानं मनाले लावलं असतं वो आपल्याले!" दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. आग कशी विझली याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही.

मला असा राग आला की मी तिथं थांबलेच नाही. वरच्या अंगाला, मोठ्या दगडाआड जाऊन तोंडावर पाणी मारलं. तोंडाची काजळी निघेना. आणि मग मी रडले, मैना. शोकसभेत रडले नव्हते, तुझ्यावर माती टाकताना रडले नव्हते. तिथं बसून हुंदके देऊन रडले. मी तुझ्यापेक्षा चांगलं केलं होतं आणि ते पाहायला तू नव्हतीस. मला जिंकायचं होतं ते तुझ्यासमोर. तू उशिरा येऊन, हातातली फांदी टाकून, "काय वो शीले, इझवली बी?" असं म्हणायला हवी होतीस. मग मी तोऱ्यात म्हणाले असते, "मंग!" बाकीच्यांनी कौतुक केलं काय, न केलं काय.

चार दिवसांनी सभा बसली. पुढे कोण, हे ठरवायचं होतं. कोणी म्हणालं, रामटेके बाईंनी परवा निभावून नेलं, त्याच राहू द्या. कोणी म्हणालं, आवाज मडाव्यांच्या घरातून गेला पाहिजे, रीत मोडता येणार नाही. दोन्हीकडून बोलणं वाढत चाललं. माझ्याबद्दलच चाललेलं असताना मी काय बोलू?

तेव्हा वनिता उठली. तिला सभेत बोलायची सवय नाही, ती जमिनीकडे पाहूनच बोलली. "आवाज आमच्या घरूनच जाईन. मी देईन, आता जमते मले. पन जाताना पुढं शीलाबाई रायतीन. आनं येताना मांगं बी त्याच." आणि पटकन खाली बसली.

कोणाचीच हरकत राहिली नाही. सरपंच म्हणाले, "हे बराबर हाय." टाळ्या वाजल्या. मला हवं होतं ते मिळालं होतं. आवाज मिळाला नाही, पण वाट मिळाली. तरी मी तिथं बसून एकच गोष्ट मनात घोळवत होते. हे त्या पोरीचं बोलणं असेल का? की तुझं? दवाखान्यात मी उठून गेल्यावर, बस पकडायला गेल्यावर, तू तिला काही सांगितलं होतंस का?

सभा सुटल्यावर मी मुद्दाम वरच्या वाटेनं तिच्यासोबत चालले. तुझ्या घराचं दार दिसायला लागलं तेव्हा विचारलं, "वनिता, हे तुले मैनाआत्यानं सांगतलं होतं का? मी पुढं राह्याचं ते?"

ती थांबली. नीट आठवून पाहिलं तिनं, मी डोळ्यांनी पाहिलं ना. मग मान हलवली.

"नाई, बाई. त्या कायीच नाई बोलल्या त्याबद्दल. मलेच वाटलं तसं."

मी "बरं" म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली वळले.

मला "हाव" ऐकायचं होतं, मैना. एवढंच हवं होतं. तुझी सून गुणाची आहे, तिला खोटं बोलता येत नाही. तिच्या जागी तू असतीस तर माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं असतंस, हसली असतीस आणि "हाव" म्हणाली असतीस. ते खोटं आहे हे मला तिथल्या तिथं कळलं असतं. आणि तरी ते घेऊन मी घरापर्यंत चालत गेले असते.